उन्हाळा आला की डिशवॉशर भांडी पांढरी का काढतो

मार्च संपत आला की तक्रारी सुरू होतात. "अण्णा, ग्लास सगळे पांढरे येऊलालेत." "सर्व्हिसवाला परवा पंप बदलून गेला, आज परत तेच." "चांगली महागातली गोळी टाकते, तरी ताटांवर पीठ सांडल्यासारखं दिसतं." ओळखीपाळखीत कुणाचं मशीन अडलं की फोन माझ्याकडे येतो. माझा पहिला प्रश्न मशीनबद्दल नसतोच. सध्या टाकीत कुठलं पाणी चढवताय, एवढंच मी विचारतो.

बेळगाव शहराला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकलहून. दोन्ही धरणांत साठलेलं पावसाचं पाणी, त्यामुळं बोअरच्या मानानं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. ज्या भागात नळ चोवीस तास आहे तिथं हा विषय फारसा निघत नाही. बाकीच्यांचं गणित वेगळं. नळ लांबला की अनगोळ, वडगाव, शहापूरकडच्या घरांतून बोअर चालू होते, कुणाच्या परसातली जुनी विहीर उपयोगाला येते, कुणी टँकर मागवतो. टाकी तीच, पाइप तोच, मशीन तेच. आतलं पाणी मात्र पार बदललेलं. खाली काळा पाषाण, त्यातून आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या रानात तर ते बऱ्याच ठिकाणी सवळच लागतं. खानापूरकडं उलटं: जांभा, धो धो पाऊस, मऊ पाणी. तिथं पांढऱ्या थराची तक्रार क्वचित, पण गाळाची ठरलेली.

इकडच्या डिशवॉशरची जी तक्रार दर वर्षी त्याच हंगामात परत येते, ती बहुतेक वेळा मशीनची नसते, पाण्याची असते. म्हणून पंप, हीटर, बोर्ड बदलायच्या आधी पुढचं सगळं करून बघा. यातलं बरंचसं घरच्या घरी होतं आणि त्याला पान्हासुद्धा लागत नाही.

पांढरं म्हणजे कुठलं पांढरं

पांढरा ग्लास घ्या, त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, दोन मिनिटं थांबा आणि बोटानं चोळा. पांढरेपणा गेला तर तो क्षार. म्हणजे मशीनमध्ये भरायचं मीठ, त्याचं सेटिंग किंवा पाणी, या तिघांपैकी काहीतरी चुकलंय. पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

चोळूनही गेला नाही, काच धूसरच राहिली, तर काच झिजली आहे. ती परत चकचकीत होत नाही. हे जड पाण्यानं होत नाही. पाणी फारच मऊ, डिटर्जंट जास्त आणि तापमान चढं, असं जुळून आलं की काच झिजते. मऊ पाण्याच्या घरात कुणी "जास्त टाकलं की जास्त स्वच्छ" म्हणून मिठाचं सेटिंग वर नेऊन ठेवलेलं असतं, तिथं हे दिसतं. अशा घरात सेटिंग खाली आणायचं आणि पावडर निम्मी करायची.

निळसर, इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर रिन्स एड, म्हणजे भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून शेवटच्या पाण्यात पडणारं द्रव, जास्त पडतंय. त्याचा आकडा कमी करा. बोटाला वाळूसारखं खरखरीत लागलं तर ते क्षार नव्हेत, अन्नाचे कण आहेत. म्हणजे जाळी तुंबली आहे किंवा फवाऱ्याच्या दांड्याची भोकं बुजली आहेत. आणि स्टीलचं भांडं जिभेला खारट लागलं तर मिठाच्या डब्याचं झाकण सैल आहे. ते नीट आवळा, नाहीतर काही दिवसांत चमच्यांवर गंजाचे ठिपके येतील.

मीठ: सगळ्यांत जास्त चुका इथंच

मशीनच्या पोटात रेझिनचे बारीक मणी भरलेला डबा असतो. पाणी त्यातून जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात उतरतो. मणी भरले की मशीन स्वतःच मिठाचं पाणी त्यातून फिरवतं, चिकटलेले क्षार धुऊन बाहेर टाकतं आणि मणी परत कामाला लागतात. मीठ भांडी धुवायला नसतं, मणी धुवायला असतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

हे मणी धुणं किती वेळा करायचं, ते मशीन तुम्ही दिलेल्या आकड्यावरून ठरवतं. बॉश-सीमेन्सच्या बऱ्याच मशीनवर तो एच०० ते एच०७ असा असतो; इतर कंपन्यांचे आकडे वेगळे, पण रीत तीच. मशीन बसवायला आलेला माणूस तो आकडा लावून जातो. कशावरून लावतो, तर त्या दिवशी नळाला जे पाणी असेल त्यावरून, किंवा सरळ अंदाजानं. पावसाळ्यात, राकसकोप भरलेलं असताना मशीन बसवलं की आकडा खालचा लागतो. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी येतं. मण्यांवरचा भार दुप्पट-तिप्पट होतो आणि आकडा मात्र पावसाळ्यातलाच राहतो. पांढरा थर येतो तो इथून.

पाणी मोजायचं कसं? आरओवाला फुकटात टीडीएस मोजून देतो, त्यावर जाऊ नका. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, सोडियमसुद्धा. मशीनला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमशी देणंघेणं. ६०० टीडीएसच्या दोन बोअर असल्या तर एकीचं पाणी मशीनला सहज चालेल आणि दुसरीचं थर चढवेल, असं होऊ शकतं. तेव्हा मोजायची ती टोटल हार्डनेस. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात तिच्या पट्ट्या किंवा थेंबांचा संच मिळतो. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतही होतं. आकडा मिलिग्रॅम प्रतिलिटर असा येतो. त्याला १७.८ नं भागलं की जर्मन डिग्री निघते आणि मशीनच्या पुस्तिकेतला तक्ता बहुधा त्याच मापात असतो. म्हणजे ४०० आलं तर २२ च्या वर. अंदाज यावा म्हणून सांगतो, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे.

दोन-तीन प्रकारचं पाणी एकाच टाकीत येत असेल तर सगळ्यांत जड पाण्याचं माप धरून आकडा लावा. मीठ थोडं वाया जाईल, जाऊ दे. ज्यांना आठवणीनं जमतं त्यांनी उन्हाळ्यात आकडा वर आणि पावसाळ्यात खाली करावा, काचेसाठी ते जास्त बरं. आकडा बदलल्यावर पुढच्याच धुण्यात फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. भरलेले मणी मोकळे व्हायला काही धुणी जावी लागतात.

"मी तर ऑल इन वन गोळी वापरते, तिच्यात मीठ असतंच की!" हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकतो. तसल्या गोळ्या साधारण २१ जर्मन डिग्रीपर्यंतच्या पाण्याला पुरतात. म्हणजे ३७५ मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच्यावर गेलं की गोळीसोबत डब्यात मीठही लागतंच.

मीठ कुठलं? डिशवॉशरचं म्हणून मिळतं तेच. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि गोळे होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते, तिनं डबा चिकटतो. खडे मीठ तर नकोच. गोकर्णजवळच्या साणीकट्ट्याचं मीठ लोणच्याला उत्तम, पण समुद्री खडे मिठात मॅग्नेशियम असतं आणि माती असते. म्हणजे जे काढायला बसलो तेच आपण आत घालतोय. मीठ भरलं की सांडलेले दाणे पुसा आणि लगेच एक धुणं लावा, भांडी नसली तरी.

आता खरी निदानाची जागा. मीठ भरल्यावर डबा किती भरलाय त्याची खूण ठेवा. मशीन नेहमीसारखं चालवून, आकडा बरोबर असूनही काही आठवड्यांनी मीठ जराही उतरलं नसेल तर मणी धुतलेच जात नाहीत. मग डब्यात मिठाचा दगड झालाय का ते लाकडी काडीनं ढोसून बघा. दगड नसेल तर मीठ सोडणारा व्हॉल्व्ह बिघडलाय. तो मात्र मेकॅनिकचा विषय, आणि त्याला "भांडी पांढरी येतात" असं न सांगता "मीठ उतरत नाही" असं सांगा. त्याचा अर्धा तास वाचेल आणि तुमचा एक नको असलेला पंप.

आरओच्या टाकाऊ पाण्याबद्दल एकच. ते बादलीत धरून काही जण मशीनच्या नळीला जोडायच्या युक्त्या करतात. त्या पाण्यात मूळचे क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसा त्यानं.

आधीच बसलेला थर काढणं

आकडा सुधारला तरी जुना थर आपोआप जात नाही. वाण्याकडं लिंबूफूल मिळतं, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. मशीन पूर्ण रिकामं करून शंभरेक ग्रॅम तळात टाका आणि ६५-७० अंशांचा कार्यक्रम लावा. पूर्वधुलाई असलेला कार्यक्रम लावलात तर सगळं लिंबूफूल पहिल्याच पाण्याबरोबर गटारात जाईल, म्हणून तसला टाळा. डिटर्जंट सोबत टाकू नका. ते अल्कली, हे आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात. ब्लीचजवळ तर न्यायचंच नाही, विषारी वायू होतो. आणि रिन्स एडच्या कप्प्यात व्हिनेगर भरायचा जो सल्ला फिरतो तो कानाआड करा, रबराला चांगला नाही.

पाणीच वेगळं करता येतं

यावर कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. डिशवॉशर एका धुण्याला साधारण १० ते १२ लिटर पाणी घेतो. आख्ख्या घराला नळाचं पाणी पुरत नसेल, पण मशीनपुरतं पुरतं. गच्चीवर मोठ्या टाकीशेजारी २०० लिटरची छोटी टाकी ठेवायची, नळाचं पाणी आलं की आधी ती भरायची, आणि तिथून एकच पाइप स्वयंपाकघरातल्या मशीनच्या कॉकपर्यंत आणायचा. रोज एक धुणं धरलं तरी नळ दोन आठवडे लांबला तर चालतं. बोअर, विहीर, टँकर सगळं मोठ्या टाकीत. बाथरूमला, झाडांना तिकडून. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. टाकीला घट्ट झाकण हवं आणि ती उंचावर हवी. उंचीचं कारण पुढं येतंय.

नळाचं चिन्ह लागतं, मशीन पाणी घेत नाही

बॉश-सीमेन्सवर नळाचं चिन्ह किंवा ई१८, एलजीवर आयई, सॅमसंगवर ४सी. कॉक उघडा आहे, टाकी भरलेली आहे, तरी मशीन घेइना.

आधी दाब बघा. बऱ्याच मशीनना किमान ०.५ बार दाब लागतो, काहींना ०.३ पुरतो. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब ०.१ बार. म्हणजे मशीनपासून टाकी पाच मीटर वर हवी. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर टाकी असेल तर काळजी नाही. पण वरच्याच मजल्यावर स्वयंपाकघर आणि डोक्यावर लगेच टाकी, म्हणजे दोन-अडीच मीटर, पाव बार. टाकी काठोकाठ असताना मशीन कसंबसं चालतं आणि अर्ध्यावर आली की चिन्ह लागतं. लोक म्हणतात मशीन लहरी आहे. खात्री करायला कॉकवरून नळी काढा, दहा लिटरची बादली लावा आणि कॉक पूर्ण सोडा. मिनिटभरात बादली भरली पाहिजे. भरली नाही तर मशीन उघडूच नका. टाकीला चौथरा बांधा किंवा लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा.

बादली भरली तर मग जाळी. जून-जुलैत, नवं पाणी आलं की हमखास. कॉक बंद करा, प्लग काढा, नळीचं पाऊण इंची नट हातानं सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी दिसेल. चिमट्यानं अलगद ओढा आणि जुन्या दातांच्या ब्रशनं उलट्या बाजूनं धुवा. खानापूरकडं तिच्यावर तांबूस चिखल सापडतो, बोअरवाल्यांकडं पांढरे खडे आणि पीव्हीसी पाइपचा कीस. काही मशीनच्या नळीच्या टोकाला प्लॅस्टिकची मोठी डबी असते. तिच्यात विजेवर चालणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. ती पाण्यात बुडवायची नाही आणि नळी आखूड करायला कापायची तर मुळीच नाही. जाळी बसवताना रबरी वायसर जागेवर आहे का बघा. आधी हातानं घट्ट करा, मग कॉक हळू उघडा आणि थेंब येतोय का ते कोरडा कागद लावून तपासा.

जाळी स्वच्छ, बादली भरते, तरीही पाणी घेत नाही, तर इनलेट व्हॉल्व्हचं कॉइल गेलेलं असू शकतं. मीटर वापरता येत असेल तर प्लग काढून मोजा. धडधाकट कॉइल काही किलोओहम दाखवतं, तुटलेलं काहीच दाखवत नाही.

पाणी तळात राहतं

बॉश-सीमेन्सवर ई२४ म्हणजे पाण्याची बाहेर जायची वाट अडली, ई२५ म्हणजे पंपच अडला किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही. एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी. प्लग काढा, पाणी वाटीनं आणि फडक्यानं उपसा, जाळीचा संच फिरवून वर काढा. खाली पंपाचं छोटं झाकण दिसेल, ते उचला. हातमोजे घाला, फुटक्या काचेचा तुकडा तिथंच लपलेला असतो. चिंचोके, कढीपत्त्याचे देठ, आंब्याच्या कोयीचे धागे, दात कोरायच्या काड्या, सगळं तिथं निघतं. आतली पंखी बोटानं फिरवा: ती सुरळीत गरगर फिरत नाही, टप्प्याटप्प्यानं अडखळत फिरते. ते चुंबकामुळं, बिघाड नव्हे. अजिबात फिरत नसेल किंवा सैल डुगडुगत असेल तरच पंप गेला. झाकण टक् आवाज येईपर्यंत दाबा.

पंप ठीक असेल तर सांडपाण्याची नळी बघा. ती सिंकखाली जमिनीवर लोळत ठेवू नका. वर कमानीसारखी नेऊन मग जोडायची, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये येतं. नव्या सिंकच्या जोडणीत प्लॅस्टिकचं बूच न कापता तसंच नळी घुसवून गेलेले प्लंबरही मी पाहिलेत.

बॉश-सीमेन्सवर ई१५ आला तर प्रकार वेगळा. मशीनच्या तळच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय आणि तरंगणाऱ्या बुचानं सगळं बंद केलंय. कॉक आधी बंद करा. गोळी संपली म्हणून भांडी घासायचं द्रव कुणी आत ओतलं होतं का, हे घरात प्रेमानं विचारा. फेस ट्रेमध्ये उतरला की हेच होतं. तसं नसेल तर मागची नळी उंदरानं कुरतडली आहे का बघा. मशीनचा तळ उबदार आणि अंधारा, उंदरांना तो फार आवडतो.

करंटचं थोडंसं

हेस्कॉमचा, म्हणजे इकडच्या वीज कंपनीचा, करंट मध्येच गेला तर बहुतेक मशीन परत आल्यावर तिथूनच पुढं चालतात. कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून लावायची घाई नको. व्होल्टेज कमी असेल तर हीटर रडतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले की हीटरची ताकद ६० टक्क्यांच्या आसपास उरते, आणि मशीन ठरलेलं तापमान गाठायला तास-तास घेतं किंवा चूक दाखवून थांबतं. भांडी तेलकट आणि ओली निघत असतील तर संध्याकाळऐवजी पहाटे धुणं लावून बघा. पहाटे ठीक निघाली तर हीटरला दोष देऊ नका. सॉकेट १६ अँपिअरचं, अर्थिंगसकट. एक्स्टेन्शन बोर्ड नको. दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी वायरमन, मग मेकॅनिक.

बिघाड नसलेले बिघाड

ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडला, पितळेचा तांब्या निस्तेज झाला, पोळपाट तडकला, बिडाच्या तव्याचा गंज शेजारच्या ताटांवर उतरला: यात मशीनचं काही चुकलेलं नाही. ही भांडी हातानंच घासायची. कुंद्याची कढई तळाला करपलेली असेल तर ती आधी भिजत घाला. आंबिलीचं पातेलं आणि भाताचा कुकरचा डबा नुसता विसळून ठेवा, नाहीतर पेज फवाऱ्याच्या भोकांत वाळून बसते. ती भोकं महिन्यातून एकदा सुईनं मोकळी करा. प्लॅस्टिकच्या डब्यावरची हळद कुठलंच मशीन काढत नाही.

मेकॅनिकला बोलावताना

सर्व्हिसचा माणूस पिनकोडवरून ठरतो, मशीन कोल्हापूरहून आणलं की इथं घेतलं यावरून नव्हे. निपाणीकडच्यांची यात बरीच गल्लत होते. फोन करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: पडद्यावरचा नेमका कोड, तो धुण्याच्या कुठल्या टप्प्यावर आला, बादली मिनिटात भरली का, आणि टाकीत सध्या कुठलं पाणी आहे. तो पाणी न तपासताच भाग बदलायला निघाला तर आधी हार्डनेसची पट्टी बुडवायला सांगा. पट्टी त्याच्याकडं नसते, तुमची पुढं करा. आणि एकदा आकडा बदलून घेतला की जुना आणि नवा, दोन्ही तारखेसकट दाराच्या आतल्या कडेला मार्करनं लिहा, म्हणजे जुलैत परत खाली कधी आणायचा ते शोधत बसावं लागत नाही.